मदत हवी आहे: हायड्रोजन ॲड केले की लिगँडची रिंगच बिघडते

मांडवी_फार्मा: नमस्कार, बडोद्याहून लिहितोय, एम. फार्म. दुसरं वर्ष. पीडीबीतून (प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाइन साठा) स्ट्रक्चर घेतलं, हायड्रोजन ॲड केले, तर लिगँडच्या (प्रोटीनला चिकटलेला छोटा रेणू) बेंझीन रिंगवर जिथे एक हवा तिथे दोन-दोन हायड्रोजन लागतात. सोमवारी गाईडना डॉकिंग (रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) दाखवायचंय. कोणतं बटण दाबायचं तेवढंच सांगा, थिअरी नको, प्लीज लवकर.

जुना_केमिस्ट: सॉफ्टवेअर कुठलं? प्रोटीन कुठलं? फाइलचा फॉरमॅट? काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार काय?

टर्मिनलवाला: विंडोज असेल तर आधी उबुंटू टाका. ओपन बॅबलला (रेणूंच्या फाइली बदलणारं, हायड्रोजन लावणारं सॉफ्टवेअर) एक कमांड, पीएच ७.४, प्रोटीन लिगँड सगळं एकदम होतं, मी कायम हेच करतो.

मांडवी_फार्मा: पायमॉल. फाइल पीडीबीच, दुसरी कुठली असणार. प्रोटीन कार्बोनिक ॲनहायड्रेज दोन (झिंक असलेलं एन्झाइम), लिगँड सल्फोनामाइड. कॉम्प्युटर कॉलेजचा आहे, उबुंटू टाकू देणार नाहीत.

स्फटिका: बटणाचा प्रश्नच नाही हा. पीडीबी फाइलमध्ये अणूंच्या जागा असतात, लिगँडचे डबल बाँड बहुतेक वेळा लिहिलेलेच नसतात. अमिनो ॲसिडची टेम्प्लेट सॉफ्टवेअरकडे तयार असतात, तुमच्या लिगँडचं नसतं, मग ते सगळे सिंगल बाँड धरतं आणि कार्बनचे चार हात भरून टाकतं. आणि मुळात एक्स-रे विखुरतात इलेक्ट्रॉनमुळे, हायड्रोजनकडे तो एकच, त्यामुळे रिझोल्यूशन १ अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तरच थोडेफार हायड्रोजन दिसतात, बाकी सगळे आपण अंदाजाने लावलेले. आरसीएसबीच्या (पीडीबीची वेबसाइट) पानावरून लिगँडची एसडीएफ फाइल घ्या, त्यात बाँड लिहिलेले असतात. 'इन्स्टन्स' वाली घ्या, 'आयडियल' घेतलीत तर पॉकेटमधली (प्रोटीनची लिगँड बसतो ती खाच) जागा जाते.

टर्मिनलवाला: बॅबल भूमितीवरून बाँड ओळखतं की, एवढा खटाटोप कशाला.

स्फटिका: ओळखतं, पण रिंग जरा वाकडी बसवलेली असली की चुकतं. आणि पीएच ७.४ चं म्हणाल तर सुट्या सल्फोनामाइडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) १० च्या आसपास, म्हणजे त्या हिशोबाने एनएच२ तसाच राहायला हवा, पण या एन्झाइममध्ये तो एक प्रोटॉन सोडून झिंकला धरतो. ॲसिटाझोलामाइड या सल्फोनामाइड औषधाचं हे २०१२ मध्ये न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनने (यात हायड्रोजनही दिसतात) दाखवलंय. पॉकेट न बघता नुसता पीएच देऊन हे कसं कळणार?

राजवाडा_इंदूर: डॉकिंग ऑटोडॉक सॉफ्टवेअरमध्ये करणार ना? त्यात नॉन-पोलर (कार्बनवरचे) हायड्रोजन कार्बनमध्ये मर्जच होतात, रिंगवर दोन असोत की एक, सोडून द्या.

जुना_केमिस्ट: सोडून कसं देता? रिंग ॲरोमॅटिक म्हणून ओळखली गेली नाही तर ऑटोडॉकमध्ये कार्बनचा टाइप ए (ॲरोमॅटिक) ऐवजी सी (साधा) पडतो. चुकीच्या इनपुटवर आलेला स्कोअर गाईडना दाखवायचा का त्यांनी?

आनंदी८८: ॲसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स ना? लडाखला जाताना डॉक्टरांनी माझ्या भावाला दिली होती, बोटांना मुंग्या यायच्या त्याच्या. कोणी जाणार असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

स्फटिका: मांडवी, झिंकला धरणारी हिस्टिडीन अमिनो ॲसिडही बघून घ्या. ९४ आणि ९६ नंबरची झिंकला एनई२ ने धरतात, ११९ मात्र एनडी१ ने (हिस्टिडीनच्या रिंगमधले दोन नायट्रोजन). म्हणजे पहिल्या दोघांचा हायड्रोजन एनडी१ वर, ११९ चा एनई२ वर. सॉफ्टवेअरने आपोआप लावलेला असला तरी झूम करून डोळ्यांनी बघायचा, इथे मी कुठल्याच प्रोग्रॅमवर भरवसा ठेवत नाही.

मांडवी_फार्मा: एसडीएफ चाललं! रिंगवर बरोब्बर चार हायड्रोजन आले. पण ११९ चा हायड्रोजन झिंककडेच तोंड करून आहे. काढू का? रेसिड्यूचं (त्या अमिनो ॲसिडचं) फाइलमधलं नावपण बदलायचं का?

स्फटिका: काढा, एनई२ वर लावा. नुसत्या डॉकिंगला नाव राहू द्या. पुढे ॲम्बर सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करायचं असेल तर ११९ ला एचआयई (हायड्रोजन एनई२ वर), ९४ आणि ९६ ला एचआयडी (हायड्रोजन एनडी१ वर) असं नाव द्या. सल्फोनामाइडचा एक हायड्रोजन काढून चार्ज उणे एक केलात का?

मांडवी_फार्मा: आत्ता करतो.

टर्मिनलवाला: व्हर्च्युअल मशीन चालेल का विचारा कॉलेजात, उबुंटू त्यातही टाकता येतं.