उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं: उचलायची की तिथंच ठेवायची?

कृष्णाकाठ:
शिराळा भागात ऊसतोड सुरू झाली की हा प्रश्न येतोच. परवा शेजारच्या फडात पाचटाखाली दोन पिल्लं निघाली, डोळे जेमतेम उघडलेले. वनखात्याची माणसं येईपर्यंत ती या हातातून त्या हातात फिरली, फोटो निघाले, कुणीतरी वाटीत गाईचं दूध आणलं. मला हे बघवलं नाही. आई बहुतेक वेळा जवळच दडलेली असते आणि अंधार पडल्यावर येते. पिल्लं सापडली तिथंच क्रेटमध्ये ठेवली की मानेला धरून घेऊन जाते. माणसाच्या वासानं ती पिल्लं टाकत नाही. उचलून नेलेल्या पिल्लाला शिकार शिकवणार कोण? त्याच्या नशिबी जन्मभर पिंजरा. जखम नसेल तर हात लावू नये, तेवढी रात्र फड सोडावा.

ऊसवाला:
फड सोडा म्हणायला काय जातं? तोड मिळायला कारखान्यात किती खेटे घालावे लागतात ते आम्हाला ठाऊक. ऊसतोड मजुरांची टोळी एकदा दुसऱ्या रानात गेली की परत कधी येईल सांगता येत नाही. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं. आणि टोळीतल्या बायका तान्ही लेकरं घेऊन कोपीत, म्हणजे रानातल्या झोपडीत झोपतात, त्यांचा जीव स्वस्त आहे का? न्या ती पिल्लं, सोडा चांदोलीच्या जंगलात.

कृष्णाकाठ:
दादा, अंगावर पिणारं पिल्लू चांदोलीत जगणार नाही. आई मात्र इथंच पिल्लं शोधत फिरेल, म्हणजे कोपीला धोका वाढलाच. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून लांब नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की जिथं सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढले.

परदेशी सांगलीकर:
मी इंग्लंडात नॉर्फोकला असतो. इथं हॉर्सीच्या किनाऱ्यावर थंडीत करड्या सीलची पांढरी पिल्लं एकटी पडलेली दिसतात. लोकांना दया येते, कुणी पाण्यात ढकलायला जातं. स्वयंसेवक दोरी बांधून सगळ्यांना लांब ठेवतात, कारण माणसं जवळ असली की आई वाळूवर यायला कचरते. दूध पाजण्याचे तिचे दिवस जेमतेम तीन आठवडे. नेदरलँडमध्ये तर २०२० च्या करारानं ठरवलंय की एकट्या पिल्लावर आधी २४ तासांपर्यंत लक्ष ठेवायचं, मगच उचलायचं की नाही ते बघायचं.

गुरांची डॉक्टर, इस्लामपूर:
लांबून लक्ष ठेवणं मान्य. पण जाळ्यात गळा कापलेला सील उचलावाच लागतो, आणि बरा झाला की तो समुद्रात परत जातो. इथंही पाचट पेटवल्यावर भाजलेलं किंवा कोयता लागलेलं पिल्लू रात्रभर क्रेटमध्ये ठेवणं म्हणजे मरायला सोडणं. अशा पिल्लाला लगेच उपचार हवेत, तिथं तत्त्व आडवं आणू नये. घरचं दूध मात्र कधीच पाजू नका. जुलाब लागतात, ठसका लागून दूध फुफ्फुसात जातं. कापडानं झाका, सावलीत ठेवा, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन लावा.

ऊसवाला:
ताईंचं पटलं. कृष्णाकाठ, तुमचंही एका अटीवर. रात्री फड बंद ठेवायचा असेल तर वनखात्याची माणसं बॅटऱ्या घेऊन कोपीजवळ थांबली पाहिजेत, आणि टोळीची बुडालेली मजुरी त्याच आठवड्यात हातात पडली पाहिजे. बिबट्यानं शेळी मारली तर पंचनामा होऊन भरपाई मिळते, मग थांबवलेल्या तोडणीची का नको? तेवढं लिहून द्या, पिल्लांजवळ कुणाला फिरकू न द्यायची जबाबदारी माझी.