मळ्यावरच्या मजुरांच्या मुलीसाठी मदत हवी आहे (नाशिक), लवकर सांगा

अनघा_नाशिक
कुपोषित मुलांसाठी नाशिकमध्ये काम करणारी एखादी संस्था कोणाला माहीत आहे का? द्राक्षाच्या मळ्यावर आलेल्या मजुरांची मुलगी आहे, बघवत नाही. कालपासून तीन संस्थांना फोन केले. एक म्हणते आमचं काम फक्त पेठ तालुक्यात. दुसरी म्हणते शाळेतली मुलं असतील तरच. तिसरीने फॉर्म भरायला लावला आणि पुढे काहीच नाही. भिशीतल्या आम्ही आठ जणींनी वीस हजार जमवलेत. कोणाला द्यायचे एवढंच सांगा.

गोदाकाठ
मुलीचं वय? वजन? आजारी आहे की नुसती बारीक? मळा कुठे?

पंचवटीकर
दूध पावडरचे डबे आणि प्रोटीन पावडर घेऊन द्या. आमच्या मंडळाने मागच्या वर्षी वाटली होती, आया फार खूश झाल्या. एक फोटोही टाका इथे, अजून मदत येईल.

डॉ_स्नेहल
कृपया पावडर नको. पालावर पाणी उकळायची सोय नसते, डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ केली जाते, आणि आठवड्यात मूल जुलाबाने अजून खंगतं. अंगावर पीत असेल तर ते तोडू नका, दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्या. फोटोही नको. कठीण परिस्थितीतल्या मुलाची ओळख जाहीर करायला कायद्याने मनाई आहे.

पंचवटीकर
डॉक्टर, मग उपाशी ठेवायचं का? काहीतरी तर द्यायला हवं ना. आमच्या वेळी कोणालाही त्रास झाला नाही.

डॉ_स्नेहल
वाटून घरी आल्यावर त्रास झाला की नाही ते कळलं कसं? परत गेला होता का कोणी?

सीए_कुलकर्णी
देणगी देताना करसवलतीची पावती मागून घ्या. २००० रुपयांवर रोख दिलीत तर वजावट मिळत नाही आणि नवीन करप्रणालीत तर मिळतच नाही.

अनघा_नाशिक
पावती नकोय मला. मळा मखमलाबादच्या पुढे आहे, माझ्या नणंदेच्या शेजारचा. कुटुंब सुरगाण्याकडचं, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीसाठी टोळीबरोबर आलंय. वयाचं विचारलं तर आई म्हणते, गेल्या वर्षीच्या भाताच्या आवणीत झाली. हातपाय काड्यांसारखे आहेत, पण पाय जरा भरलेले दिसतात. दिवसभर तिचा भाऊ सांभाळतो तिला, सात-आठ वर्षांचा असेल.

राजू_सिडको
१०९८ ला फोन लावा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते.

गोदाकाठ
आणि ते मूल उचलून नेतील. आईने काय करायचं मग? त्यापेक्षा अनघाताई, दोन-तीन महिने तुम्हीच घरी ठेवून घ्या पोरीला.

राजू_सिडको
दादा, असं नेत नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय धरलाय. आईबाप गरीब आहेत एवढ्यावर कोणी मूल तोडत नाही. आणि तुम्ही सांगताय तसं परस्पर घरी ठेवून घेणंच चुकीचं आहे.

सेविका_पेठ
अनघाताई, मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. आवणीत झाली म्हणजे जुलैची, पोर पंधरा महिन्यांची धरा. पाय भरलेले दिसतात हे तुम्ही सहज लिहून गेलात, मला त्याचीच भीती वाटते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर ती सूज आहे आणि ते अति तीव्र कुपोषण. तसं असेल तर घरी काही भरवत बसू नका, अशा पोटाला एकदम जास्त अन्न झेपत नाही. सरळ दवाखान्यात न्या.

सूज नसली तरी दंडघेर घ्या. शिंप्याची टेप चालेल. डावा हात मोकळा सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजा, टेप आवळू नका. ११.५ सेंमीच्या खाली असेल तर अति तीव्र, १२.५ च्या खाली असेल तर मध्यम.

संस्था शोधण्यात दिवस घालवू नका, मळ्याला जवळची अंगणवाडी कुठली ते शोधा. बाहेरगावचं मूल म्हणून सेविका नाही म्हणू शकत नाही. आईच्या आधारवर नोंद होते, मुलीचं नसलं तरी चालतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो. पण या पोरीला तेवढ्याने होणार नाही असं वाटतं.

बागायतदार_दिंडोरी
मालकाशी बोललात का आधी? छाटणी उक्ती असते, एकरावर. नवरा-बायकोची जोडी धरून मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते. बाई दवाखान्यात बसली की जोडी तुटते, म्हणून ती नाही म्हणणार, लिहून ठेवा. मालक वाईट असतो असं नाही हो. यंदा सारखा पाऊस, डावण्या रोगाच्या फवारण्या करून कंबरडं मोडलंय, त्यात भाव...

डॉ_स्नेहल
द्राक्षाच्या भावाचं इथे नको.

बागायतदार_दिंडोरी
बरं. पण उचल हाच मुद्दा आहे.

अनघा_नाशिक
आत्ताच जाऊन आले. पावलावर खळगा राहतोय, दोन्हीकडे. दंडघेर तीनदा मोजला, ११.१. अंगणवाडीची ताई सोबत आली, वजन घेतलं, नोंद केली, आणि म्हणाली सिव्हिलला पोषण पुनर्वसन केंद्रात न्या, साधारण चौदा दिवस राहावं लागेल. आई नाहीच म्हणतेय. दिंडोरीचे दादा म्हणाले तेच कारण, उचल. आता काय करू? माझे हात थरथरतायत लिहिताना.

सेविका_पेठ
आईवर चिडू नका. तिला सांगा, उपचार आणि पोरीचं खाणं फुकट, आणि सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. ती छाटणीच्या मजुरीइतकी नसते, हेही खरं सांगा. मधली तूट तुमच्या वीस हजारांतून भरा. भिशीच्या बायकांना सांगा, पैशाचं याहून चांगलं काम नाही. पेठला आम्ही असंच करायचो, मुकादमाच्या हातात पैसे ठेवले की बाई मोकळी व्हायची. आणि तो भाऊ चौदा दिवस कोणाकडे? त्याचीही सोय बघा, नाहीतर त्याच्यासाठी आई मधूनच उठून येईल.

गुरुजी_म्हसरूळ
मुलाला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवा. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. गावच्या शाळेत नाव असेल तर तिथून शिक्षण हमी पत्रक मागवा. दुपारचं जेवणही होईल त्याचं.

पंचवटीकर
ताई, पावडरचं मी मागे घेतो. पाच हजार माझे धरा.

बागायतदार_दिंडोरी
मालकाचा नंबर मला खाजगीत पाठवा. मुकादमाशी मी बोलतो, आमच्याकडेही याच भागातल्या टोळ्या येतात.

अनघा_नाशिक
पाठवला. रात्री साडेनऊला आई हो म्हणाली. बाप मळ्यावर थांबतोय, मुलगा नणंदेकडे झोपेल. सकाळी निघतोय.

सेविका_पेठ
लसीचं कार्ड, आईचं आधार, रेशनकार्ड असेल ते घ्या. पोरीला पाजूनच निघा आणि गोधडी घ्या, अशी पोरं लवकर गार पडतात. वाटेतही पाजत राहा, अंगावर पीत नसेल तर उकळलेल्या पाण्यातलं साखरपाणी चमच्याने द्या.