मदत हवी आहे: लॅसिक्स (लघवी वाढवणारी गोळी) चालू आहे, तरी आईच्या पायांची सूज उतरत नाही

सावनी_क: आईला १० दिवसांपासून लॅसिक्स ४०, सकाळी एक. लघवीला भरपूर होते, पण संध्याकाळी घोटे पुन्हा टम्म. चप्पलही चढत नाही. उद्यापासून दोन गोळ्या देऊ का? लवकर सांगा.

रात्रपाळी: दोन देऊ नका. गोळी कशासाठी दिली? हृदय, मूत्रपिंड, यकृत? दोन्ही पाय सुजतात की एकच? आडवं झाल्यावर धाप लागते का? रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम किती? बाकी गोळ्या कोणत्या?

केमिस्टदादा: सरळ टॉर्सेमाइडवर जा, तीही लघवी वाढवणारीच गोळी. लॅसिक्स पोटातून कधी अर्धंमुर्धं शोषलं जातं, कधी त्याहून कमी. टॉर्सेमाइड ८० टक्क्यांच्या वर. ४०च्या जागी २०.

रात्रपाळी: दादा, लघवी भरपूर होतेय म्हणजे औषध पोचतंय. शोषणाचा प्रश्न इथे नाहीच. आणि हृदयाच्या रुग्णांत दोन्ही औषधं समोरासमोर ठेवली तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही (ट्रान्सफॉर्म-एचएफ नावाचा अभ्यास, २०२३).

केमिस्टदादा: लॅसिक्सचा जोर सहा तास. पुढचे १८ तास मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याचं काय?

मीठभाकर: म्हणूनच आधी मीठ मोजा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, पापड-लोणच्यासकट. 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. सोबत स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी लघवीची गोळी) असेल तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सावनी_क: दोन्ही पाय. धाप नाही. एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, क्रिएटिनिन ०.९. बीपीची गोळी आहेच, ॲम्लोडिपिन. महिन्यापूर्वी ५ची १० केली. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक. त्याचा काय संबंध?

रात्रपाळी: सगळा संबंध तिथेच आहे, ताई! ॲम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करते, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्यांत झिरपतं. लॅसिक्स मूत्रपिंडात, हेन्लेच्या वळणात मीठ परत शोषू देत नाही. अंगात मीठपाणी साठलं असेल तर त्याचा उपयोग. इथे ते रक्तातलंच पाणी ओढेल. मग उठताना चक्कर, पायात गोळे, पोटॅशियम खाली. त्यात डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला मीठ धरायला लावतं आणि लॅसिक्सचा जोरही कापतं.

डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: ॲम्लोडिपिन परत ५ करून टेल्मिसार्टन (बीपीची दुसरी गोळी) जोडता येईल का, आणि मग लॅसिक्सची गरज उरते का? टेल्मिसार्टन सुरू झालं तर डायक्लोफेनॅक बंदच हवं. हे दोन्ही आणि लॅसिक्स एकत्र आले की मूत्रपिंड बसू शकतं.

खडेतज्ज्ञ: कॅल्शियमचे खडे होत असतील तर लॅसिक्स नको. त्याने लघवीतलं कॅल्शियम वाढतं, थायझाइड जातीच्या लघवीच्या गोळ्यांनी घटतं.

सावनी_क: खडे नाहीत! मग आज रात्रीची ॲम्लोडिपिन देऊ नको का?

रात्रपाळी: द्या. मनाने बंद केली तर बीपी चढेल. आत्ता बीपी मोजून ठेवा, उद्या सकाळी उठल्या उठल्या घोट्याचा घेर टेपने मोजा, संध्याकाळी पुन्हा. हे आकडे घेऊनच डॉक्टरांकडे जा.