दर पावसाळ्यात भिंत ओली आणि बुरशी परत हजर – मदत हवी आहे (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आमचं घर दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत आहे. पणजोबांच्या वेळचं, वीट-चुन्याचं, सागवानी खांब आणि तुळयांचं. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत आई झोपते. वय 74, त्यात दमा. त्या खोलीची रस्त्याकडची भिंत गेली काही वर्षं आमचा अंत बघतेय.

पहिल्यापासून सांगते. 31 जुलै 2019 चा पाऊस बडोदेकरांना आठवत असेलच. गल्लीत गुडघाभर पाणी होतं, घरात वीतभर शिरलं. ओसरलं, पुसलं, विसरलो. दिवाळीत रंग दिला, होळीपर्यंत पोपडे सुटले. 2021 मध्ये एका कंत्राटदाराने चार फुटांपर्यंत जुना गिलावा काढून वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेला सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पुट्टी, त्यावर महागातला रंग. 46 हजार रुपये आणि दहा वर्षांची तोंडी गॅरंटी. त्याचे चार फूट कोरडे राहिले हे कबूल करते. ओल साडेपाच फुटांवर निघाली! फोन केला तर म्हणतो, "बेन, ए तो उपरनो भाग छे, ए आपणा काममां नहोतो."

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली, पुन्हा घरात पाणी. या वेळी भावाने (तो अहमदाबादला असतो, सल्ले फोनवरून देतो) पीव्हीसी पॅनल लावायला सांगितले. दिसायला झकास. पण गेल्या श्रावणात आईचा खोकला थांबेना, म्हणून एक पॅनल उचकटलं तर मागे काळी-हिरवी बुरशी आणि बंद विहिरीसारखा वास. त्याच दिवशी सगळे पॅनल काढून टाकले. आई म्हणते, "आमच्या वेळी दर दिवाळीला नीळ घातलेला चुना लागायचा, ही थेरं नव्हती." आत्तापर्यंत भिंत सोडून बाकी सगळ्यांनी मलाच चुना लावलाय.

मी काय काय पाहिलंय ते लिहिते. उन्हाळ्यातही त्या पट्ट्यावर पांढरी भुकटी येते. इथले कडिये (गवंडी) तिला लूणो म्हणतात, म्हणजे आपला लोणा. झाडून काढली की पंधरा दिवसांत परत. पावसाळ्यात तीच जागा घाम फुटल्यासारखी ओली होते, दोन दिवस पाऊस नसला तरी. पाइप गळतोय का म्हणून रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पातळीची खूण केली होती, सकाळी पाणी तिथेच. वरच्या मजल्यावर हीच भिंत ठणठणीत आहे. वर माझ्या खोलीत मात्र उत्तरेच्या भिंतीला, कपाटामागे, काळे ठिपके येतात. तिथे लोणा नाही, पोपडे नाहीत.

उपयोगाचं आहे की नाही माहीत नाही, पण सांगून ठेवते. लहानपणी आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, उत्तरायणाच्या आधी त्यांवर बसून फिरक्या भरायचो. रस्ता दर वेळी वरच्या वर होत गेला, आता दीड पायरी उरलीय. आणि 2011 मध्ये आतली कोट्याची लादी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या.

आता एक जण भिंतीत भोकं पाडून केमिकलचं इंजेक्शन द्यायचं म्हणतोय. त्याने ओल मोजायचं यंत्र लावलं, ते केकाटलं, आणि 70 हजारांचं कोटेशन हातात. द्यावं का? निदान आईची खोली या पावसाळ्यात झोपण्यालायक व्हावी, एवढंच हवंय.

प्रतिसाद – माळवद

ताई, तुम्ही ज्याला उपयोगाचं आहे की नाही माहीत नाही म्हणताय, तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. रस्ता दीड पायरी वर आला म्हणजे तुमचं जोतं जमिनीत गेलं. जुन्या घरांत ओल अडवायला वेगळा थर नसायचा, उंच जोतं हाच बंदोबस्त होता. आता रस्त्याखालची माती थेट विटांना टेकलीय. विटेची बारीक छिद्रं दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढतात. सहसा ती ओल तीनेक फुटांपर्यंत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. तुम्ही खाली सिमेंटने तोंड बंद केलंत, शिवाय टाइल्सनी जमिनीचंही केलंत. पाणी बाहेर पडायला जागा शोधत वर गेलं. कंत्राटदाराने ओल थांबवली नाही, तिला वरच्या मजल्याच्या वाटेला लावलं.

लोण्याचं वेगळं. पाणी मातीतले क्षार घेऊन येतं, पाणी उडतं, क्षार राहतात. हे क्षार पावसाळी हवेतली वाफ ओढतात (डब्यातलं मीठ श्रावणात ओलं होतं ना, तसंच). म्हणून पाऊस नसतानाही भिंत घामेजते. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि घराबाहेर टाका. धुतलात तर विरघळून परत आत जातो.

प्रतिसाद – पुण्याची पाहुणी

इंजेक्शनवाल्याच्या यंत्राला फार घाबरू नका. दोन पिनांचं असेल तर ते भिंतीतून वीज किती जाते ते मोजतं, आणि क्षार असले की वीज जास्त जाते. लोणा असलेल्या भिंतीवर ते केकाटणारच.

माझ्या माहेरी इंजेक्शन दिलं होतं, तिथे उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण ती एकसंध नऊ इंची भिंत होती, आणि बाहेरची माती आधी खाली घेतली होती. जुनी जाड भिंत आतून पोकळ, खडी-चुन्याने भरलेली असेल तर केमिकल कुठे जातं कुणाला कळणार?

प्रतिसाद – माळवद

वरच्या खोलीचं दुखणं मला निराळं वाटतं. तिथे ओल भिंतीतून येत नाही, हवेतून येते. पृष्ठभागापाशी आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, आणि कपाटामागे वारा फिरत नाही. खात्री करायची तर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतली ओल. खाली-वर दोन्हीकडे करून बघा. वर कपाट चार-सहा इंच पुढे ओढून पायांवर ठेवा. आणि भर पावसात "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या सताड उघडू नका, बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. ऊन पडल्यावर उघडा.

बुरशी कोरडी खरवडू नका, कण हवेत उडतात. एन 95 मास्क लावून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, फडकी फेकून द्या. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. हे सगळं करताना आईंना त्या खोलीत ठेवू नका. खरं तर त्यांना आत्ताच दुसऱ्या खोलीत हलवा.

प्रतिसाद – लालकोर्ट

त्या भिंतीतल्या सागवानी खांबांचे बुंधे टोकरून बघितलेत का? आमच्या रावपुऱ्यातल्या घरात ओलीच्या नादात सगळे भिंतीकडे बघत बसले, आणि खांब खालून उधईने (वाळवीने) पोखरला होता. आधी तो बघा, रंग नंतर.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे आभार. प्लास्टिकचा प्रयोग केला. खाली थेंब भिंतीकडच्या बाजूला, वर खोलीकडच्या बाजूला. म्हणजे माळवद म्हणाले तसं दोन रोग आहेत आणि मी दोन्हींवर एकच औषध फासत होते. कपाट पुढे ओढलं. आई माझ्या खोलीत आणि मी दिवाणखान्यात. तिला ते मुळीच आवडलेलं नाही, पण खोकला रात्रीचा कमी आहे.

खांबांचे बुंधे टोकरले. तीन ठणठणीत, चौथ्यात स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला. तो सुताराला दाखवतेय.

ओट्याच्या कडेला एका कडियाकडून हातभर रुंद खड्डा खणून घेतला. सव्वा फूट खाली जोत्याचा जुना घडीव दगड लागला, म्हणजे तेवढं घर जमिनीत गेलंय. रस्ता तर खाली घेता येणार नाही, पण ओटा आमच्या हद्दीत आहे. तिथली माती काढून चर करायचा, त्यात खडी भरायची आणि पाणी गटाराकडे वळवायचं असं ठरतंय. पावसाळ्यानंतर आतला सिमेंटचा गिलावा काढणार. भिंतीला इंचाला महिना या हिशेबाने सुकायला वेळ द्यायचा म्हणतात, आमची भिंत दीड फुटाची, म्हणजे पुढची दिवाळीसुद्धा उघड्या विटांवर जाणार. भावाला फोटो पाठवलाय, त्याचं उत्तर आलं नाही.

आता अडलंय एवढंच: चुन्याचा गिलावा करणारा कडिया मिळत नाही. चौघांना विचारलं. दोघांनी "चूनो? हवे कोण करे!" म्हणून हात झटकले, एकाने पांढऱ्या सिमेंटची पिशवी दाखवली, आणि चौथा सत्तरीचा आहे, काम येतं पण परांचीवर चढवत नाही म्हणतो, मुलाला शिकवायला तयार आहे. युनिव्हर्सिटीच्या आर्किटेक्चर विभागात विचारायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तोवर बडोदा, डभोई किंवा पादऱ्याकडे कुणाच्या घरी अलीकडे चुन्याचं काम झालं असेल, तर कोणी केलं आणि चुना किती दिवस भिजवला, एवढं इथे नक्की लिहा.