ऑकलंडला आयकिया येतंय, तर आजीचा देव्हारा न्यायचा की सगळं तिकडंच घ्यायचं?

फोंड्याची_लेक

नमस्कार मंडळी, दिवाळीला गोव्यात फोंड्याला माहेरी आलेय, १५ नोव्हेंबरला परत ऑकलंडला निघायचंय, त्याआधी हे ठरलं पाहिजे म्हणून विचारतेय.

२०१९ साली आम्ही तिकडं गेलो. आता तिसरं भाड्याचं घर आहे आणि सहा वर्षांत घरात एकही वस्तू अशी आली नाही जी आम्हाला आवडली म्हणून घेतली. सोफा ट्रेड मी या तिकडच्या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवरून कुणाचा तरी जुना, पलंग एक पंजाबी कुटुंब देश सोडून निघालं त्यांच्याकडून, जेवणाचं टेबल आधीचा भाडेकरू टाकून गेला ते. नवीन घ्यायचं म्हटलं की किमती ऐकूनच परत यायचं. त्याआधी नवऱ्याची नोकरी दुबईत होती, तिथलं घर पूर्ण आयकिया या स्वीडिश कंपनीच्या फर्निचरचं होतं, निघताना सगळं विकलं. आम्ही ऑकलंडला उतरलो त्याच वर्षी आयकिया न्यूझीलंडला येणार अशी बातमी आली, आणि तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, आयकिया आल्यावर घेऊ. मुलीचा पलंग, पुस्तकांचं कपाट, सगळंच. आता ४ डिसेंबर २०२५ ला ऑकलंडच्या सिल्व्हिया पार्क मॉलला उघडतंय. मोटरवेवरून जाताना ती निळी इमारत दिसली की मुलगी गाडीत ओरडते. खोटं कशाला सांगू, मलाही भरून येतं, कारण माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की आता आपण इथं राहतोय, नुसते टेकलेलो नाही.

तर प्रश्न असा. इथं माहेरच्या जुन्या घराच्या वाटण्या चाललेत, आणि आजीचा देव्हारा कुणालाच नकोय. फणसाच्या लाकडाचा, अडीच फूट उंच, वर घुमट, पुढं महिरप. आई म्हणते तू ने. नवरा फोनवर म्हणतो विमानतळावर अडवतील, खर्च होईल, त्यापेक्षा आयकियाचं शेल्फ घेऊ आणि त्यावर देव मांडू. न्यूझीलंडला असं लाकूड जाऊ देतात का? न्यायचं तर कसं? आणि आयकियातून काय घ्यावं, काय घेऊ नये हेही सांगा, दुबईतल्या अनुभवाला आता बरीच वर्षं झाली.

डिचोली_ते_ऑकलंड

बाय, मी बारा वर्षं ऑकलंडला काढून दोन वर्षांपूर्वी डिचोलीला परत आलो, त्यामुळं दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

लाकूड जाऊ देतात. बंदी नाही. पण तो देश किडीला फार घाबरतो, आणि बरोबरच आहे, त्यांची जंगलं आणि फळबागा त्यावर उभ्या आहेत. निघायच्या आधी ऑनलाइन प्रवासी डिक्लेरेशन भरता त्यात लाकडी वस्तू आहे असं स्पष्ट लिहायचं. लिहिलं तर ते बघतात आणि स्वच्छ असेल तर तुमच्या हातात देतात. लपवलं आणि सापडलं तर जागेवरच ४०० डॉलर दंड. त्यांना तीन गोष्टी नको असतात, झाडाची साल, माती, आणि किडीची भोकं. जिवंत कीड असल्याचा संशय आला तर धुरी देऊन घ्या, परत पाठवा नाहीतर नष्ट करा, आणि खर्च तुमचा.

माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आईचे चार पाट मी घरच्या इतर सामानाबरोबर बोटीनं पाठवले. पॅकिंगवाल्यानं सांगितलं सगळं ट्रीटमेंट करून देतो, पैसेही घेतले, आणि काहीच केलं नव्हतं. एका पाटाच्या खालच्या बाजूला टाचणीएवढी भोकं होती जी मी स्वतः उलटा करून बघितलीसुद्धा नव्हती. तीन आठवडे सामान अडकलं आणि धुरीचा खर्च पाटांच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. पाट मिळाले शेवटी, अजून आहेत, पण तेव्हा बायकोशी बोलायची सोय राहिली नव्हती.

एक लक्षात ठेवा, लाकडी खोक्यात पॅक करू नका. खोक्याच्या लाकडालाही वेगळा नियम आहे, ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवून किंवा धुरी देऊन शिक्का मारलेलं लागतं. पुठ्ठ्याचा बॉक्स बरा.

आयकियाबद्दल, तुमचा आनंद मला कळतो. ऑस्ट्रेलियात ते १९७५ पासून आहे आणि आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर बसून कॅटलॉग बघायचो. सिडनीहून येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून मी दिव्याची शेड मागवलीय. पण पहिल्या दिवशी लेकराला घेऊन जाऊ नका, गर्दी प्रचंड होणार.

मेस्ताचा_मुलगा

माझे बाबा केप्याला मेस्त म्हणजे सुतार होते, फणसावर त्यांनी आयुष्य काढलं, त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.

ताई, आधी देव्हारा उलटा करा. जुन्या मेस्तांनी केलेला असेल तर त्यात खिळे जवळजवळ नसणार, कुसू म्हणजे फळीचं पुढं आलेलं टोक खाचेत बसवून मागून पाचर मारलेली असणार. पाचर काढली की सगळा सुटतो. घुमट वेगळा, महिरप वेगळी, खांब वेगळे, मागची फळी वेगळी. पूर्वी घरं बदलताना, वाटण्या होताना पलंग आणि देव्हारे असेच सोडून बैलगाडीतून नेत. तुम्ही आयकियाची वाट बघताय ना, तिथली गोष्ट पण हीच आहे, १९५६ च्या सुमारास त्यांच्या एका माणसाला टेबल गाडीत मावेना म्हणून त्यानं पाय काढले, आणि तिथून सपाट खोक्यात सामान विकायची त्यांची पद्धत पक्की झाली. आमच्या मेस्तांना ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्यांनी खोकं विकलं नाही.

कीड आहे का ते असं बघा. काळा कागद खाली पसरा, देव्हारा त्यावर ठेवून तळहातानं सगळीकडून ठोका. पिवळट पिठासारखा भुगा पडला तर आत कीड चालू आहे. फक्त जुनी भोकं असतील आणि काहीच पडत नसेल तर कीड मेलेली असू शकते, पण तरी एकदा रात्रभर कागदावर ठेवून सकाळी बघा. फणसाचा गाभा, पिवळा असतो आणि पुढं तांबूस होतो तो, सहसा लागत नाही. कडेचा पांढरा भाग असेल तर तिथं जरूर बघा. आणि कृपा करून आत्ता नवीन पॉलिश मारू नका, भोकं झाकलीत असा संशय तपासणाऱ्याला येईल. कोरड्या ब्रशनं खाचा साफ करा, तेलाचा थर मऊ फडक्यानं पुसा, बस.

पाचर काढायला हातोडा थेट लावायचा नाही, मध्ये लाकडाचा तुकडा धरायचा. सवय नसेल तर जवळच्या एखाद्या वयस्क मेस्ताला बोलवा, तासाचं काम आहे.

वास्कोची_काकू

पोरी, देव्हारा ने. मी कुवेतला एकवीस वर्षं काढली, देव कपाटावर मांडले होते, चाललं, देवाला काय. पण सासूबाईंचा देव्हारा इकडं भावकीत राहिला आणि मी परत येईपर्यंत वाळवीनं खाऊन संपला. ते आजही मनातून जात नाही.

आता शेल्फचं सांगते. ते चौकोनी खणांचं कॅलॅक्स म्हणतात ते चांगलं आहे, एक खण ३३ सेंटीमीटरचा, मुलांची पुस्तकं, खेळणी, डबे सगळं जातं. पण एका खणात १३ किलोच्या वर ठेवायचं नाही. आणि त्या खणात निरांजन लावायचं नाही, वरची फळी हातभर पण लांब नसते, तापते. दुसरं, हे सगळं भुशाच्या दाबलेल्या फळीचं काम आहे, पाणी लागलं की फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. आमच्या वास्कोच्या फ्लॅटमधे एका कंपनीचं असंच कपाट घेतलं, दुसऱ्या पावसाळ्यात खालची कड पावासारखी फुगली, मी रोज ओलं फडकं फिरवायचे ना खालून. तिकडं पण थंडीत भिंतींना ओल येते असं पुतणी सांगते. म्हणून भिंतीपासून थोडं पुढं ठेव आणि खाली लाद्या पुसताना जपून.

डिचोली_ते_ऑकलंड

काकूंनी ओलीचं सांगितलं ते अगदी खरं, ऑकलंडच्या जुन्या भाड्याच्या घरांत जुलै-ऑगस्टला कपाटामागं बुरशी धरते. पण भिंतीपासून पुढं ठेवताना एक जपा. ड्रॉवरचं उंच कपाट भिंतीला बांधल्याशिवाय वापरायचं नाही, घरात लहान मूल आहे. २०१६ साली अमेरिकेत आयकियाला २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली कारण ती मुलांच्या अंगावर पडून मुलं गेली होती. भाड्याच्या भिंतीला भोक कसं पाडू असं वाटेल, तर फेब्रुवारी २०२१ पासून न्यूझीलंडचा कायदा बदललाय. अशा किरकोळ बदलाला घरमालक नकार देऊ शकत नाही, तुम्ही लेखी विचारायचं आणि त्यानं २१ दिवसांत उत्तर द्यायचं. आत्ताच मेल टाकून ठेवा, ४ डिसेंबरपर्यंत परवानगी हातात असेल.

फोंड्याची_लेक

सगळ्यांना देव बरें करूं. काल दिवसभर हेच केलं.

काळा कागद रात्रभर ठेवला, काहीच पडलं नाही. मग आईच्या ओळखीचे एक मेस्तमामा आले, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी देव्हारा आडवा केला, बोटं फिरवली आणि मला बोलावून दाखवलं, प्रत्येक सांध्याला पटाशीनं बारीक खुणा केलेल्या. एका खांबाला एक रेघ आणि त्याच्या खाचेलाही एक रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. कुठला खांब कुठं बसवायचा ते त्या माणसानं तेव्हाच लिहून ठेवलंय. मी लहानपणापासून त्या देव्हाऱ्यासमोर बसलेय आणि मला हे माहीत नव्हतं. फोटो नवऱ्याला पाठवले तर तो म्हणाला हे मी जोडतो, दुबईत तीन कपाटं जोडलीत.

सुटा करून मोजला. सगळ्यात लांब फळी ७४ सेंटीमीटर, सगळं मिळून १७ किलो. आमच्या तिकिटावर २३ किलोची दुसरी बॅग आहे आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटर चालते, म्हणजे पुठ्ठ्याच्या बॉक्समधे तो माझ्याबरोबर विमानातच येईल, बोटीची भानगडच नाही. पाचरा वेगळ्या पिशवीत घालून त्यावरही नंबर लिहिलेत.

आयकियातून मुलीचा पलंग आणि कॅलॅक्स एवढंच पहिल्यांदा घेणार. देव्हारा त्यावर ठेवणार नाही, पूर्वेकडच्या खिडकीखाली जागा आहे तिथं जमिनीवर पाटावर ठेवेन, ओल येत नाही तिकडं. घरमालकाला मेल टाकलाय.

मेस्ताचा_मुलगा दादा, एकच विचारायचंय. वरचा कळस थोडा सैल झालाय, मामा म्हणाले फेविकॉल नको, कागदाची पट्टी गुंडाळून बसव. तुमचे बाबाही तसंच करायचे का?

मेस्ताचा_मुलगा

ताई, बाबा कापडाची पट्टी घालायचे, जुन्या सुती धोतराची. कागद दमटपणानं गळून जातो. आजीचं एखादं जुनं लुगडं असेल तर त्याची बोटभर पट्टी कापा आणि कळसाबरोबर त्याच पिशवीत ठेवा.