कुत्र्याला विषारी सापापासून लांब राहायला कसं शिकवावं? सल्ला हवा

रानवाट

दोन कुत्री आहेत. थोरली आठ वर्षांची, स्वभावाने शांत. धाकटा दोन वर्षांचा, टेरियरचं मिश्रण. गवतात काही सळसळलं की त्याने नाक खुपसलंच म्हणून समजा. घराला लागून झुडपं आणि दगडांचे ढिगारे आहेत आणि तिथे विषारी साप निघतात. धाकटा एरवी हाकेला येतो, पण हलत्या वस्तूमागे लागला की कान बंद!

शॉक कॉलरने (विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याने) एका दिवसात शिकवून देतात असं ऐकलं. खाऊ देऊनही जमतं असंही काही जण म्हणतात. कोणती पद्धत धरावी? रबरी साप पुरतो का? खऱ्या सापाचा वास कुठून आणायचा? आणि शिकवलेलं टिकतं किती? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

पाऊलखूण

कुत्र्याने सापाला घाबरायला हवंय की साप जाणवताच तुमच्याकडे परत यायला हवंय, ते आधी ठरवा. घाबरलेला कुत्रा पळेल खरा, पण कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. शिवाय टेरियर घाबरला की पळण्याऐवजी झडप घालण्याची शक्यता बरीच. म्हणून शॉक कॉलर नको, माझं मत खाऊच्या बाजूने. सापाचा वास हीच त्याच्यासाठी परत येण्याची हाक झाली पाहिजे.

सुरुवात सापाशिवाय करा. रोजच्या ‘ये’पेक्षा वेगळा इशारा निवडा, शिट्टी उत्तम. घरात शिट्टी वाजवायची आणि लगेच त्याचा सर्वांत आवडता खाऊ एकामागून एक, वीसेक सेकंद देत राहायचा. एकच तुकडा देऊन मोकळं होऊ नका. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन आठवडे. मग बाहेर, हार्नेसला (छाती-पाठीवरून बांधायच्या पट्ट्याला) दहा मीटरची दोरी लावून. दोरी गळपट्ट्याला अडकवायची नाही, धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. त्यानंतर दोरीने ओढलेली चिंधी किंवा घरंगळता चेंडू यांच्यामागे निघालेला असताना शिट्टी. तुमच्या धाकट्याची खरी अडचण इथेच आहे, तेव्हा या टप्प्याला हवा तेवढा वेळ द्या. तो येणार नाही असं दिसत असेल तर शिट्टी वाजवूच नका. दुर्लक्ष करता येतं हे एकदा कळलं की शिट्टी बाद.

आता वास. कात चालते, पण जुन्या वाळलेल्या कातीचा वास जिवंत सापापेक्षा फिका असतो. परवाना असलेल्या सर्पालयातून किंवा सर्पतज्ज्ञाकडून, सापाच्या पेटीत रात्रभर ठेवलेलं सुती कापड मिळालं तर फार चांगलं. ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रीजरमध्ये ठेवा. हाताळताना चिमटा आणि हातमोजे.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. सरावाला सापाच्या वासाचं कापड झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा. तसेच आणखी पाच-सहा डबे घ्या, त्यात साधं धुतलेलं कापड ठेवा आणि तेही त्याच हातमोज्यांनी हाताळा. एकच डबा वापरलात तर कुत्रा डब्याचा, हातमोज्याचा किंवा तुमच्या हाताचा वास शिकतो आणि तुम्हाला वाटतं की साप शिकला. डब्यांच्या जागा दर वेळी बदला.

वारा डब्याकडून कुत्र्याकडे येईल असे उभे राहा. वास लागला की तो दाखवतो: चाल मंदावते, मान झटकन वळते, श्वास भरभर होतो, नाकपुड्या हलतात. त्याच क्षणी शिट्टी, आणि खाऊ डब्यापासून चार-पाच मीटर मागे, तुमच्या पायाशी. डब्याजवळ दिलात तर वास म्हणजे इथे खाऊ, असा उलटा धडा बसतो. हे बऱ्याचदा झालं की शिट्टी एक सेकंद उशिरा वाजवा. तेवढ्यात त्याने स्वतःहून मान तुमच्याकडे वळवली तर त्या दिवशीचं सगळ्यांत मोठं बक्षीस तेव्हा. साध्या डब्याशी गेला तर काहीच करायचं नाही, ओरडाही नाही आणि खाऊही नाही.

रबरी साप आकारापुरता ठीक. पण नव्या रबराला स्वतःचा उग्र वास असतो. धुऊन काही दिवस उघड्यावर ठेवा, खाली सापाच्या वासाचं कापड ठेवा आणि मासेमारीच्या बारीक दोऱ्याने हलवा. नुसता रबरी साप वापरला तर कुत्रा खेळणं ओळखायला शिकतो, दुसरं काही नाही.

वारूळ

पाऊलखूण यांची पद्धत चांगली आहे, पण शॉक कॉलर सरसकट बाद ठरवणं मला पटत नाही. शिकारीची ओढ तीव्र असलेल्या कुत्र्यापुढे ऐन वेळी खाऊ हरतो आणि इथे एक चूक जिवावर बेतते. मात्र शिकवणारा तोलामोलाचा हवा. तो कसा ओळखायचा ते सांगतो.

कॉलर आधी काही दिवस बंद अवस्थेत घालून फिरवायला सांगतो का? नसेल तर कुत्रा सापाऐवजी कॉलरशी संबंध जोडतो, आणि कॉलर काढली की धडा संपला. झटका देणारी कॉलरची दोन्ही टोकं कातडीला टेकतात का, ते दाट केसांच्या कुत्र्यात हाताने चाचपून बघावं लागतं. झटक्याची पातळी खालून चढवत नेतो की थेट वरची लावतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, झटका कधी देतो? कुत्र्याचं लक्ष सापाकडे असताना, अर्ध्या सेकंदाच्या आत. त्या वेळी मालकाने चकार शब्द काढायचा नाही. ‘नको!’ असं ओरडलात तर कुत्र्याच्या लेखी झटका तुम्ही दिला.

अमेरिकेत रॅटलस्नेकसाठी (शेपटी खुळखुळवणाऱ्या विषारी सापासाठी) असे वर्ग चालतात. तिथली शेवटची परीक्षा कुठेही वापरण्याजोगी आहे: साप मध्ये, मालक पलीकडे, आणि मालक हाक मारतो. कुत्र्याने लांबून वळसा घालून यायला हवं.

सापाचं तोंड शिवलेलं किंवा दात उपटलेले दिसले तर तिथून तडक निघा. ते क्रौर्य आहे, अनेक देशांत गुन्हाही आहे.

पाऊलखूण

निकष योग्य आहेत, वारूळ. तरी धोका मोठा आहे म्हणून लिहितो. झटक्याच्या क्षणी कुत्रा शेजारच्या कुत्र्याकडे बघत असेल तर भीती त्या कुत्र्याशी जोडली जाते. वास पोचलाच नसेल तर गवताशी किंवा त्या जागेशी. काही कुत्री वेदना होताच समोरच्यावर तुटून पडतात, आणि समोर साप असतो. सहा महिन्यांखालची पिल्लं, गाभण कुत्री, फिट येणारी किंवा हृदयविकार असलेली कुत्री यांना तर लावूच नये. कायदाही बघा, वेल्समध्ये 2010पासून अशा कॉलर वापरायला बंदी आहे.

रानवाट

दोघांचेही मनापासून आभार. शिट्टीपासून सुरुवात करतो. दोघांना एकत्र शिकवलं तर चालेल का? आणि उजळणी किती दिवसांनी?

कवडसा

एकत्र मुळीच नको. दुसरा कुत्रा वासाऐवजी पहिल्याकडे बघून वागतो. एक घरात, एक बाहेर. थोरलीचं वय आड येणार नाही, मात्र तिला दिसतं-ऐकू येतं ते तपासून घ्या. शिट्टी ऐकू येत नसेल तर सगळा भार वासावर टाकावा लागेल.

उजळणी तीन-चार आठवड्यांनी एकदा, न सांगता. डबा अगोदर लपवून ठेवायचा आणि नेहमीसारखं फिरायला निघायचं. साप जास्त बाहेर पडण्याचा हंगाम सुरू होण्याआधी आठवडाभर सलग. पाच-सहा वेगवेगळ्या जागा घ्याच. अंगणात पक्का शिकलेला कुत्रा नदीकाठी कोरा निघतो, कारण ‘सगळीकडे’ ही कल्पना कुत्र्याला आपोआप येत नाही. सापांच्या जातींचंही तसंच. नागाच्या कापडावर शिकलेला घोणस टाळेल असं गृहीत धरू नका. आपल्या भागात जे विषारी साप आढळतात त्यांचे वास मिळवा.

शिकवणं चालू असताना अंगणही सुधारा. दगडांचे ढिगारे हलवा, गवत खुरटं ठेवा, उंदरांचा बंदोबस्त करा आणि रात्री कुत्र्याचं अन्न बाहेर राहू देऊ नका, त्यावर उंदीर येतात. कुंपणाला खालून जाळी लावायची तर छिद्र 6 मिमी, उंची 90 सेमी, 15 सेमी जमिनीत पुरलेली आणि वरचा भाग बाहेरच्या बाजूला सुमारे 30 अंश कललेला. फाटकाखालची फट विसरली तर बाकीची मेहनत वाया. डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांनी साप जात नाही आणि कुत्र्याने खाल्ल्या तर विषबाधा होते.

पशुवैद्यक

उत्तम शिकलेल्या कुत्र्यालाही दंश होऊ शकतो. झोपलेल्या सापावर पाय पडतो, वारा उलटा असतो. म्हणून पुढचं आजच ठरवून ठेवा: प्रतिविष कोणत्या दवाखान्यात असतं आणि तो रात्री उघडा असतो का.

दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. गळपट्टा लगेच काढा, सूज मानेपर्यंत उतरली तर तो श्वास अडवतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. आवळपट्टी, चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ, सगळं टाळा. माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका. केस बाजूला करून सुजेच्या कडेला पेनने रेघ मारा, वेळ लिहा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. सापाचा लांबून फोटो मिळाला तर ठीक, शोधत बसू नका.

घोणसवर्गीय दंशात सूज आणि रक्तस्राव दिसतात. दवाखान्यात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर ते पातळच राहिलं तर रक्त गोठत नाहीये. नाग-मण्यार वर्गात सूज नगण्य असू शकते. पापण्या उतरणं, लाळ गळणं, मागचे पाय लटपटणं, आवाज बदलणं ही खूण, आणि पुढे श्वास बंद पडू शकतो. तासाभराने कुत्रा बरा दिसला म्हणून घरी ठेवू नका, किमान 24 तास देखरेख हवी. आणखी एक गैरसमज: कुत्रा लहान म्हणून प्रतिविष कमी लागतं असं नाही. मात्रा अंगात गेलेल्या विषाप्रमाणे ठरते.

रानवाट

थरथरायला झालं वाचून, पण फार मोलाची माहिती. शेवटचं विचारतो: रस्त्यावर मेलेला साप मिळाला तर वासासाठी वापरावा का?

पाऊलखूण

नको. कुजायला लागला की वास बदलतो आणि कुत्रा कुजका वास शिकतो. शिवाय साप मेल्यावरही काही काळ त्याचं डोकं चावू शकतं, तुटलेलं असलं तरी. फिरताना असा साप दिसला तर दोरी आखूड धरा, शिट्टी वाजवा आणि खाऊ देऊन दुसऱ्या बाजूने न्या.