आय७-१३७००एच लॅपटॉप की आय७-१३७०० डेस्कटॉप? नागपूरच्या उन्हाळ्यात फरक किती पडेल?

मानेवाडा_रेंडर
नमस्कार मंडळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांचे वॉकथ्रू रेंडर करायचे आहेत, म्हणजे मॉडेलवरून तयार चित्रं काढायची आहेत. सीन ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावत नाहीत, त्यामुळे काम सीपीयूवरच होणार आणि एकेक रेंडर दोन-तीन तास चालणार. बर्डीवर दोन कोटेशन मिळाली: आय७-१३७००एच चा लॅपटॉप आणि आय७-१३७०० वर असेंबल केलेला डेस्कटॉप. दुकानदाराचं म्हणणं, आकडा एकच म्हणजे ताकद एकच. खोलीत एसी नाही, मे महिन्यात दुपारी ४० अंश असतं. दोन्ही खरंच सारखे आहेत का?

सिलिकॉन_वऱ्हाड
आकडा एक, चिप वेगळी. डेस्कटॉपच्या १३७०० मध्ये ८ परफॉर्मन्स (वेगवान) कोर, ८ एफिशियन्सी (कमी वीज खाणारे) कोर, २४ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि ३० एमबी एल३ कॅश (चिपच्या आतली जलद मेमरी). १३७००एच मध्ये ६ आणि ८, २० थ्रेड, २४ एमबी. हीच मांडणी डेस्कटॉपच्या आय५-१३५०० मध्ये मिळते. त्यामुळे लॅपटॉपचा हा आय७ तोलायचाच तर डेस्कटॉपच्या आय५ शी तोला.

कोरपेक्षाही मोठा फरक वॅटचा आहे. १३७००एच ची बेस पॉवर ४५ वॅट, टर्बोत (थोडा वेळ वाढवलेल्या वेगात) कमाल ११५. १३७०० ची ६५ आणि २१९. ११५ वॅट लॅपटॉपला काही सेकंदच झेपतात, मग तो पीएल१ या कायमच्या मर्यादेवर उतरतो. ही मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या बॉडी आणि पंख्यांप्रमाणे ठरवते. एकच प्रोसेसर पातळ लॅपटॉपमध्ये ४५ वॅटवर चालेल, जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये ७०-८० वर. बॉक्सवर हा आकडा छापलेला नसतो, आणि दोन-तीन तासांच्या रेंडरला नेमका तोच लागतो.

एका कोरच्या कामात मात्र फरक नगण्य. कमाल क्लॉक ५.० आणि ५.२ गिगाहर्ट्झ, आणि एकच कोर पळतो तेव्हा वीजही कमी लागते. मॉडेलिंग, ब्राउझर, एक्सेल यांत लॅपटॉप कुठेच मागे पडणार नाही.

नवतपा_४७
वरच्या उत्तरात खोलीचं तापमान राहिलं, आणि आपल्याकडे सगळा खेळ त्याचाच आहे. या लॅपटॉप चिपची मर्यादा १०० अंश. हीटसिंक किती उष्णता बाहेर टाकेल हे चिप आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंश असताना हा फरक ७५, ४० असताना ६०. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत १०० ला टेकून ६० वॅट टिकवणारा लॅपटॉप तुमच्या खोलीत साधारण ४८ वॅटवर येईल. पंखा कितीही ओरडला तरी हे गणित बदलत नाही.

लॅपटॉपच घ्यायचा झाला तर मागची बाजू २-३ सेंटिमीटर उचलून ठेवा, गादीवर कधीच ठेवू नका. बॅटरीवर रेंडर लावू नका, वॅट आणखी खाली येतात.

धंतोली_असेंबलर
डेस्कटॉपच घ्या, पण तोही आपोआप थंड राहत नाही. बॉक्ससोबत येणारा पंखा ६५ वॅटपुरता ठीक आहे. बरेच मदरबोर्ड पॉवरची मर्यादा मोकळी सोडतात, मग प्रोसेसर २०० वॅटच्या वर जातो आणि तोही १०० अंशांना टेकतो. चार-सहा हीटपाइपचा, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावा आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) पीएल१ आणि पीएल२ (टर्बोची मर्यादा) दोन्ही १२५ वॅटवर बांधा. वेग थोडा उतरेल, उष्णता पुष्कळ उतरेल. पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करून घ्या. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये व्होल्टेज जास्त जाऊन चिप खराब होण्याचा दोष होता. त्यावरचं मायक्रोकोड (चिपच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) इंटेलने २०२४ मध्ये दिलं आणि ते बायोसमधूनच येतं.

वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओल आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर चिखल धरतो, तो ब्लोअरने निघत नाही. कूलर खोली थंड करण्यापुरताच, खिडकी उघडी ठेवून.

यूपीएसचा खर्च आत्ताच धरा. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, ग्राफिक्स कार्डासह चालू रेंडरला तो पुरेलच असं नाही. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका. लाइट मध्येच जाऊ शकते हे धरून ॲनिमेशन थेट व्हिडिओ फाइलमध्ये न काढता पीएनजीच्या वेगवेगळ्या फ्रेममध्ये काढा, म्हणजे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं.

मानेवाडा_रेंडर
धन्यवाद. दुकानदार लॅपटॉपवर टेस्ट लावून दाखवायला तयार आहे. पण दुकानात एसी २४ वर असतो. मग ती टेस्ट धरायची कशी?

नवतपा_४७
धरता येते. चार्जर लावा, पॉवर मोड सर्वोत्तम परफॉर्मन्सवर ठेवा. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट) चा मल्टी-कोर ३० मिनिटांवर लावा, शेजारी एचडब्ल्यूइन्फो (चिपचे वॅट, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. पहिला स्कोअर लिहूनच घेऊ नका, तो टर्बोचा असतो. शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोष्टी बघा: पॅकेज पॉवर (अख्ख्या चिपची वीज) किती वॅटवर स्थिरावली, कोर इफेक्टिव्ह क्लॉक (खरा वेग) किती, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्याने वेग कमी होण्याच्या) रकान्यात 'होय' आलं का.

मग चिपच्या तापमानात १६ मिळवा (घरचे ४० वजा दुकानातले २४), कारण तेवढ्याच वॅटला खोली जितकी तापते तितकीच चिप तापते. दुकानात ८० वर स्थिर असेल तर घरी ९६, चालेल. ८८ असेल तर घरी १०४ होतात, म्हणजे तो वेग कमी करणारच. अशा वेळी १३५०० चा डेस्कटॉप कोटेशनमध्ये मागून बघा. कोर तेवढेच आहेत आणि टॉवर कूलरवर तो मेच्या दुपारीही पूर्ण वॅटवर चालतो.